बिगी

दाक्षायणीनं बॅग उलटी धरून मोरीच्या कट्ट्यावर आपटली. आतून टॉवेलची लव पडली. निळी, मरून, पिस्ता, आणि सगळ्यात जास्त पांढरी. ओल्या फरशीवर पडताच ती चिकटली आणि काळपट झाली. तिनं पुन्हा एकदा बॅग आपटली, तेव्हा एक लवंग पडली आणि घरंगळत जाळीपाशी जाऊन थांबली.

लवंग उचलून तिनं हुंगली. वास उरला नव्हता. तरी ती फेकून न देता तिनं खिडकीच्या कडेला ठेवली.

"दाक्षा, बॅग धुतीस का बॅगेला न्हाऊ घालतीस?" बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी, शांतम्मांनी, विचारलं. "लगीन हाय काय तिचं?"

"आजच पाणी आलंय आत्ती. आज नाही धुतली तर उद्या जायच्या वेळेला कुठली धुणार?"

"दुसरी नवी हाय की. रेवणप्पानं एवढी भारी आणून दिली. चाकं हायेत म्हणं तिला."

दाक्षायणीनं बॅग सुलटी केली. रेवणप्पा तिचा भाऊ. भाची सांगलीला फार्मसीला चालली म्हणून त्यानं मोठ्या हौसेनं चाकांची बॅग आणली होती. ती पलंगावर भरून तयार होती. पण पाठीवर न्यायला काव्यानं बापाचीच बॅग मागितली. काल सकाळी पोहे खाताखाता, ताटलीतून मान वर न करता ती म्हणाली होती, "मला अप्पांची पाहिजे. दाराच्या मागची."

दाराच्या मागं खिळ्याला ती बॅग माघापासून टांगलेली होती. दार उघडलं की भिंत आणि फळी यांच्यामध्ये ती दबायची. आलेल्या माणसाला दिसायची नाही. घरातल्यांना मात्र दार पूर्ण उघडत नाही एवढं जाणवायचं, आणि तेवढ्यावरून ती तिथं आहे हे कळायचं.

"धुऊन ठेव ना," काव्या म्हणाली होती. मग चप्पल घालताना दारातूनच, जणू आत्ताच आठवल्यासारखं, "आणि आई, धुताना ते बक्कल बघ. घसरतं ते."

"कुठलं?"

"पट्ट्याचं. दोन्हीकडचं."

एवढं बोलून ती मैत्रिणीकडं निघूनही गेली होती.

दाक्षायणीनं रात्रीच रिठे भिजत घातले होते. साध्या साबणाच्या पावडरीनं अशा बॅगेच्या आतला थर सुटतो, कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे निघतात, आणि मग पाणी आत झिरपतं. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये इतकी वर्षं काम केल्यावर कुठला पदार्थ कशानं खराब होतो याचा अंदाज तिला हातानंच यायचा. तिनं रिठ्याचं पाणी गाळून घेतलं, त्यात थोडं कोमट पाणी घातलं, बोट बुडवून पाहिलं. जुना टूथब्रश, मऊ फडकं, चिमटा कट्ट्यावर ओळीनं मांडून ठेवलं.

आधी तिनं चेन साफ केल्या. दातांच्या मधे टॉवेलची लव इतकी घट्ट बसली होती की ब्रशनं निघेना. चिमट्यानं एकेक धागा ओढावा लागला. तिचा नवरा गुरुराज टॉवेलच्या एका कारखान्याचे नमुने घेऊन फिरायचा. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा, कधी विजापूरपर्यंत. एसटीनं जायचा, दुकानदारांपुढं बॅग उघडायचा, टॉवेलची घडी झटक्यात पसरून म्हणायचा, "गालाला लावून बघा मालक, गालाला." घरात कुणी रुसलं तरी तेच म्हणायचा. हातात जे असेल ते पुढं करायचा, भाकरी असो नाहीतर पेपर, आणि म्हणायचा, गालाला लावून बघा.

चेन मोकळ्या झाल्या तेव्हा तिच्या पायाशी रंगीत धाग्यांचा एक गोळा साठला होता.

पाठीला टेकणाऱ्या बाजूवर पांढऱ्या रेषा होत्या. नदीचं पाणी ओसरताना काठावर राहतात तशा, एकीच्या आत एक. घामाचं मीठ. तिनं रिठ्याचा फेस घेऊन ब्रश गोल गोल फिरवला. रेषा आधी गडद झाल्या, मग विरघळत गेल्या. फेस करड्या रंगाचा झाला. तो बादलीतल्या पाण्यानं तिनं हलकेच ओघळू दिला. पिळायचं नाही, आपटायचं नाही. पाणी आपोआप निथळू द्यायचं.

पुढचा लहान कप्पा तिनं सगळ्यात शेवटी उघडला. त्याच्या शिवणीत राख होती. विभूती. अंघोळ झाली की कपाळाला लावून उरलेली चिमूट गुरुराज कागदात बांधून त्या कप्प्यात टाकायचा, कागद फाटायचा, आणि राख शिवणीत जाऊन बसायची. दाक्षायणीनं ब्रश उचलला, खाली ठेवला. ओल्या बोटानं ती राख टिपून घेतली आणि बोट कपाळाला पुसलं. मग कप्पा धुतला.

आता राहिले पट्टे.

पट्ट्याच्या मोकळ्या टोकाची गुंडाळी करून तिच्यावर रबर चढवलेलं होतं. डावीकडं एक, उजवीकडं एक. रबर वाळून पट्ट्याला चिकटलं होतं, नखानं खरवडून काढावं लागलं. गुंडाळी उलगडली तर पट्टा उलगडतच गेला. एवढं लांब टोक बाहेर आलेलं तिला अपेक्षित नव्हतं. धुण्याआधी पट्टे पूर्ण सैल करायचे असतात, नाहीतर बकलाखालचा मळ तसाच राहतो. तिनं बक्कल वर उचलून पट्टा मागं सरकवला. तो अडखळत सरकला. एका ठिकाणी अडला, सुटला, थोड्या अंतरावर पुन्हा अडला.

तिनं पट्टा उजेडात धरला.

जिथं बक्कल वर्षानुवर्षं बसलं होतं तिथं एक आडवी खूण होती, खोल आणि रंगानं काळी. बाकीचा पट्टा उन्हानं विटून राखाडी झाला होता, झाकलेला तेवढा भाग मूळ रंगाचा राहिला होता. हे सरळच होतं. पण त्या खुणेच्या खाली, बॅगेच्या तळाकडं येताना, आणखी खुणा होत्या. एकीखाली एक. त्या फिक्या होत्या, रंग बदलण्याइतका काळ बक्कल तिथं राहिलं नव्हतं. फक्त दाब होता, नखाला लागेल एवढाच. सगळ्यात खालची खूण तळापासून फार लांब नव्हती.

तिनं दुसरा पट्टा घेतला. त्याच्यावरही तशाच. दोन्ही पट्टे शेजारी धरले तर खुणा एकमेकींशी जुळत होत्या.

ओझं कमी-जास्त होत असणार, तिनं मनाशी म्हटलं. लग्नसराईत नमुने जास्त, एरवी कमी. तसा तो पट्टा आवळत असेल, सोडत असेल.

काव्यानं बक्कल बघायला सांगितलं होतं. दाक्षायणीनं बकलाचे दात ब्रशनं घासले, अंगठ्यानं चाचपले. धार शाबूत होती. पण बोटाच्या अंदाजावर रिपोर्ट लिहायची तिची सवय नव्हती. तिनं बॅग मोरीच्या दारावरच्या कडीला टांगली, पट्ट्याला दोरी बांधली, दोरीला बादली अडकवली. बकलाच्या कडेला बॉलपेननं बारीक रेघ ओढली. मग तांब्यानं बादली भरत गेली. बादली काठोकाठ भरली, पट्टा ताठ झाला, कडी करकरली. रेघ जागची हलली नाही. तिनं बादलीला हलका झोका देऊन पाहिला. नाही. दुसऱ्या बकलालाही तेच करून पाहिलं.

"काय चाललंय गं?" शांतम्मा भिंतीला धरत दारापर्यंत आल्या होत्या. "बॅगेला फाशी दिलीस?"

"बक्कल बघते. घसरतं म्हणत होती काव्या."

"मग? घसरतंय?"

"नाही. चांगलंय."

शांतम्मा ओल्या बॅगेकडं बघत राहिल्या. मुलगा गेल्यावर त्या अक्कलकोटजवळच्या गावाहून इथं आल्या आणि मग राहिल्याच. त्यांनी हात पुढं करून बॅगेच्या पाठीला लावला, लेकराचा ताप बघावा तसा.

"किती मोट्टी पाठ होती त्येची," त्या म्हणाल्या. "ल्हानपणी बसव म्हणायचो आमी त्येला. नंदीबैल. आन शेवटी कसा झाला... काठी." मग मान हलवून, "साकु, पुरे. नको बोलायला."

"अचानकच झालं आत्ती."

"व्हय बाई. अचानक."

दाक्षायणी बादली सोडवायला लागली. हे वाक्य तिनं आलेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं. शेजाऱ्यांना, लॅबमधल्यांना, फोनवर. अचानक झालं सगळं. सांगून सांगून ते गुळगुळीत झालं होतं, तोंडातून आपोआप निघायचं. ती अचानक म्हणाली की काव्या उठायची आणि पाणी आणायला आत जायची. पाहुण्यांपुढं आधीच पाण्याचा तांब्या असला तरी जायची.

पहिल्यांदा ते तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं. पोटातली गाठ दाखवणारी फिल्म उजेडावर लावून त्यांनी विचारलं होतं, "वजन कधीपासून उतरतंय?" प्रश्न गुरुराजला होता. उत्तर दाक्षायणीनं दिलं होतं. "एवढ्यातच. गेल्या महिन्याभरात." ती लॅबमध्ये आहे हे डॉक्टरांना ठाऊक होतं, त्यांनी तसंच लिहून घेतलं. गुरुराज आपल्या हातांकडं बघत बसला होता.

त्याआधी तो बारीक दिसायला लागला तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. साखर काठावर होती, रात्रीचा भात बंद केला होता. "पोट उतरलं की तुमचं," ती म्हणाली होती, आणि त्यानं शर्ट खाली ओढला होता. खांद्यावर पट्ट्याखाली टॉवेलची घडी घालून तो फिरायला लागला तेव्हा ती हसली होती. "दुकान अंगावरच घालून निघालात." त्यावर तो म्हणाला होता, "जाहिरात आहे. गालाला लावून बघ."

तिनं बॅग बाल्कनीत नेली. ऊन नको होतं. उन्हानं कापड विरतं, रंग जातो. आभाळ तसंही सकाळपासून शिळ्या राखेच्या रंगाचं होतं. सावलीत दोरीवर तिनं बॅग उलटी टांगली, सगळ्या चेन उघड्या ठेवल्या, कप्पे बाहेर ओढले. आतडी काढल्यासारखी ती दिसत होती. थेंब फरशीवर पडत राहिले.

बॅग रात्रभर तशीच राहिली. जुळे सोलापूरच्या त्या सगळ्या इमारतींच्या बाल्कन्यांत त्या दिवशी पाणी आल्याचे कपडे वाळत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं बॅग उतरवली. शिवणीत हात घालून ओल उरली नाही ना ते पाहिलं. चेनवर मेणबत्तीचा तुकडा फिरवला, चेन मागं-पुढं केली. आता ती आवाज न करता सरकत होती. मग पट्टे ओवले. कुठं आणून ठेवायचे हा प्रश्नच नव्हता. तिनं बक्कल सरकवत त्या खोल, काळ्या खुणेवर आणलं. तिथं ते बरोबर बसलं. बॅग पुन्हा त्याची झाली. तिनं ती खुर्चीवर ठेवली आणि थोडा वेळ समोर बसून राहिली.

पूर्वी त्याची निघायची वेळ आणि तिची लॅबची वेळ मागंपुढंच असायची. ती स्वयंपाकघरात पाठमोरी, पोळ्या गुंडाळतेय. बाहेर दारात बाप-लेक. त्या दोघांची भाषा कन्नड. दाक्षायणी बार्शीची. तिच्या माहेरी मराठीच, आणि इतक्या वर्षांतही तिचं कन्नड जेवण-पाणी-ये-जाच्या पुढं गेलं नव्हतं. घरात तिघं असले की मराठी, ते दोघंच असले की कन्नड. दारातून त्याचा आवाज यायचा, "बिगी, काव्या. इन्नू बिगी." इन्नू म्हणजे आणखी, तेवढं तिला येत होतं. बिगीचा तर प्रश्नच नव्हता. तिची आजी शेताच्या वाटेवर मागं राहिलेल्या नातवंडांना तेच ओरडायची, बिगीबिगी या रं. एसटी चुकेल म्हणून त्याची घाई चाललीय. ती डब्याचं झाकण दाबत ओरडायची, "आले, आले! एवढी कसली बिगी? एसटी काय पळून चालली?" बाहेर तो हसायचा. काव्याही हसायची. डबा घेऊन ती दारात येईपर्यंत बॅग त्याच्या पाठीवर चढलेली असायची.

"आई, रिक्षा खालच्या चौकातून निघाली," काव्या खोलीतून बाहेर आली. तिनं केस बांधले होते, चेहरा धुतला होता. डोळ्यांभोवतीचं रडणं मात्र धुतलं गेलं नव्हतं.

शांतम्मांनी तिला जवळ बोलावलं. बोटांवर विभूती घेऊन तिच्या कपाळावर आडवी ओढली, उरलेली कागदात बांधून तिच्या हातात दिली. "फुडच्या कप्प्यात टाक. आन उपाशी ऱ्हाऊ नको. हाटेलातलं भात खाशील तर पोट बिगाडतंय."

"मेसचं असतं अज्जी, हॉटेलचं नाही."

"तेच की गं. हाटेलच ते."

काव्या हसली. कागदाची पुडी तिनं पुढच्या कप्प्यात टाकली, चेन लावली. चेन इतकी सहज सरकली की तिनं पुन्हा उघडून पाहिली. "केवढी छान केलीस," ती म्हणाली. मग बॅग उचलून तिनं दोन्ही हात पट्ट्यांत घातले. बॅग पार खाली गेली, कमरेखाली लोंबायला लागली. मोठ्या माणसाचा शर्ट घातल्यासारखी ती दिसत होती. तिनं हात मागं नेऊन पट्ट्याचं टोक शोधलं. ते हाती लागेना.

"आई, जरा बिगी कर की."

"करते. अजून वेळ आहे गाडीला. रिक्षावाला थांबेल, घाई कशाला?"

"घाई नाही गं." काव्या पाठमोरीच होती. "बिगी. घट्ट कर. कन्नडमध्ये बिगी म्हणजे घट्ट. अप्पा नाही का सांगायचे मला रोज."

दाक्षायणी पुढं आली होती. तिचा हात पट्ट्यापर्यंत पोचला होता, तिथंच राहिला.

खालून रिक्षाचा हॉर्न वाजला. शांतम्मा खिडकीकडं गेल्या.

तिनं टोक धरून ओढलं. बक्कल काळ्या खुणेवरून सुटलं. खाली सरकलं, अडलं. तिनं ओढलं, पुन्हा सरकलं, पुन्हा अडलं. डावा, मग उजवा. मग पुन्हा डावा. प्रत्येक खुणेवर बोटांना बारीकसा धक्का बसत होता. प्रत्येक ठिकाणी ती किंचित थांबत होती, आणि काव्या म्हणत होती, "अजून थोडी." बॅग वर येत गेली. शेवटच्या खुणेत बक्कल जाऊन बसलं.

"बास," काव्या म्हणाली. "आता बरोबर बसली."

दाक्षायणीसमोर लेकीची पाठ होती. सतरा वर्षांच्या मुलीची अरुंद पाठ, मानेखाली वर आलेली मणक्याची गाठ, दोन बाजूंना खांद्यांची टोकं. त्यांच्यावर त्याची बॅग, त्यानं शेवटी घातली होती तशीच. पट्ट्याची मोकळी टोकं दोन्हीकडं लांब लोंबत होती.

काव्या वळली नाही. तिनं दोन्ही हातांनी छातीवरचे पट्टे धरले होते. बोटांची पेरं पांढरी दिसत होती.

"बक्कलच घसरायचं ना, आई?"

शांतम्मा खिडकीतून रिक्षावाल्याला काहीतरी ओरडून सांगत होत्या.

"मी रोज आवळून द्यायचे," काव्या म्हणाली. "ते म्हणायचे, बक्कल घसरतंय. म्हणून मी... तू बघितलंस ना ते?"

दाक्षायणीनं अंगठा बकलावर ठेवला. दातांची धार पट्ट्यात पक्की रुतलेली होती.

"बघितलं," ती म्हणाली. "दात झिजलेत. जुनं झालंय. घसरणारच."

काव्याचे खांदे, कुठूनतरी वर ओढून धरलेले असावेत तसे, हळूच खाली आले.

"थांब, दोन टाके घालून देते."

"आत्ता? अगं, खाली रिक्षा उभी आहे."

"उभी राहू दे. वाटेत सैल व्हायला नको."

तिनं कपाटाच्या ड्रॉवरमधून सुई काढली, काळा दोरा ओवला. खुणेच्या अगदी लगत, बकलाच्या खाली, तिनं पट्टा दुहेरी धरून सुई घातली. जाड पट्ट्यातून ती सहज जाईना. तिनं मागून अंगठ्यानं रेटली. एक टाका, त्यावर दुसरा, मग आडवा तिसरा. काव्या न हलता उभी होती. दोरा तोडायला दाक्षायणीनं तोंड पट्ट्याशी नेलं. रिठ्याचा वास येत होता. फक्त रिठ्याचा.

"झालं?"

"एक झालं." तिनं सुईत पुन्हा दोरा ओवला. "वळ जरा. दुसरंही घसरतं."